अत्तारीनचा खलबत्ता

१

रऊफ आणि शाहिनाजचं एक ठरलेलं होतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा गुरुवारी संध्याकाळी कैरोहून गाडीने अलेक्झांड्रियाला जायचं, समुद्रासमोरच्या त्या कुबट हॉटेलात पडायचं आणि शुक्रवारी सकाळी अत्तारीनच्या मागच्या गल्ल्यांत जुना बाजार धुंडाळायचा. दोघांनी एकेकच वस्तू घ्यायची आणि दुसऱ्याने घेतलेल्या वस्तूवर चकार शब्द काढायचा नाही. हा नियम अर्थातच शाहिनाजने घातलेला, कारण रऊफला मोकळा सोडला तर तो दाराच्या मुठी, मुकी घड्याळं आणि कुणाकुणाच्या आजोबांचे चष्मे पोत्यात भरून आणणारा माणूस.

या खेपेला ती सातव्या महिन्यात होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती, दोनदा आशा लागून मोडली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी या वेळी स्वच्छ सांगितलं होतं की आता हे शेवटचं, पुन्हा प्रयत्न करायचा नाही. प्रवास करू नकोस असंही बजावलं होतं. पण शाहिनाजला खलबत्ता हवा होता.

बाळ सात दिवसांचं झालं की सुबू करायचा. बाळाला चाळणीत ठेवून हलवायचं, कानाशी पितळी खलबत्ता ठणाठणा वाजवायचा आणि आजीने ओरडून सांगायचं, आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस! सगळ्या बायका हसतात, बाळ दचकून रडतं, की झालं. रऊफच्या घराण्याचा खलबत्ता थोरल्या जाऊबाईंकडे, नगवाकडे होता. शाहिनाजने तोंड वेंगाडून मागितला तर नगवा म्हणाली, "अगं देते की. पण घरचं पितळ बाहेर जाऊ नये म्हणतात."

"बाहेर म्हणजे? मी बाहेरची?" शाहिनाजने फोन ठेवला आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही. मग ती रऊफला म्हणाली, "माझ्या मुलाला कुणाचं उसनं नको. आपण आपला घेऊ."

२

गल्लीत नेहमीचीच गर्दी होती. जमिनीवर अंथरलेल्या चादरींवर झुंबरांचे लोलक, इटालियन बशा आणि बाहुल्यांची सुटी डोकी मांडलेली. वरून शिजत्या पावट्याच्या हंड्यांचा वास. रऊफ एका रेडिओपाशी उकिडवा बसला तो बसलाच.

शाहिनाजला खलबत्ता दिसला तो अम्म शहाताच्या चादरीवर. अम्म शहाता, म्हणजे शहाताकाका, त्यांचा जुना ओळखीचा विक्रेता, तोंडाचा पट्टा अखंड चालू. साध्या चमच्यालाही तो राजघराण्यातला म्हणून विकायचा. खलबत्ता जाडजूड पितळेचा होता, बूड घसरू नये म्हणून रुंद, काठाला वेलबुट्टी. तोंडात मात्र कापडाचा बोळा गच्च ठासलेला, आणि बत्ता चादरीच्या पार दुसऱ्या टोकाला, वेगळ्याच फडक्यात गुंडाळून ठेवलेला.

"हा बोळा कशाला, अम्म?"

"गाडीवर खडखडतो. डोकं उठतं." आज तो तिच्याकडे बघत नव्हता.

"काढून वाजवून दाखव की. पितळ आवाजावर घेतात."

"घरी जाऊन वाजव. चांगलंच आहे ते." तो बशा पुसत राहिला. "एका बंद घरातलं सामान आहे. सगळं गेलं, एवढंच राहिलं."

शाहिनाज इरेला पेटली. तिने मुद्दाम लाज वाटेल इतकी कमी किंमत सांगितली. आता हा छाती बडवून घेईल, पोरंबाळं उपाशी मारतेस का म्हणेल, मग आपण पाठ फिरवू, मग तो हाक मारेल, असा सगळा हिशोब तिच्या डोक्यात तयार होता.

"ने," अम्म शहाता म्हणाला.

"काय?"

"ने म्हटलं. लखलाभ होवो." त्याने दोन्ही वस्तू वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत बांधल्यासुद्धा. घासाघीस नाही, शपथा नाहीत, चहा नाही. रऊफ खूश होऊन म्हणाला, "वा गं माझ्या वाघिणी! म्हाताऱ्याला लोळवलंस की." शाहिनाज हसली खरी, पण तिला बरं वाटलं नाही. आठ वर्षांत या माणसाने पहिल्या बोलीला होकार दिला नव्हता.

३

हाग्गा इन्साफ, म्हणजे रऊफची हज करून आलेली आई, बाळंतपणासाठी कैरोतल्या शुब्रा भागातल्या त्यांच्या घरी राहायला आली होती. स्वभावाने फटकळ, पण सुनेवर जीव होता. तिने खलबत्ता हातात घेऊन फिरवून बघितला, बोळ्याला बोट लावलं आणि कपाळाला आठी घातली.

"खलबत्ता कोण विकतं गं?"

"म्हणजे?"

"माणूस पलंग विकतो, बांगड्या विकतो. अडलं तर दारं विकतो. खलबत्ता लेकीला देतात, नाही तर सुनेला."

"तुम्ही दिलात की थोरल्या सुनेला," शाहिनाज म्हणाली.

हाग्गाने जीभ चावली. "चुकलंच माझं. पण म्हणून रस्त्यावरचा आणायचा?" मग सुनेचा चेहरा बघून ती विरघळली. "बरं बाई, आणलास तर आणलास. मीठ-लिंबू लावून घास. चार नातवंडांचे कान मी उघडलेत, पाचव्याचेही उघडेन."

शाहिनाजने बोळा उपसून काढला. खालून कोरडं धणे-लसणाचं खरकटं निघालं, कधीचं कोण जाणे. घासून खल लखलखीत झाला तेव्हा तिने गंमत म्हणून बत्त्याने एकदा ठोकलं. आवाज मोठा सुरेख होता, खोल, बराच वेळ खोलीत राहणारा. पोटात बाळ उसळलं. तिने परत ठोकलं. परत उसळलं. रऊफने पोटावर कान लावला आणि दोघं हसून हसून बेजार झाली.

मग तिने बत्ता खाली ठेवला. तेवढ्यात बाळ आणखी एकदा उसळलं.

"आता तर वाजवलं नव्हतंस," रऊफ म्हणाला.

"सवय लागली असेल," ती म्हणाली.

४

मुराद जन्मला तेव्हा त्याच्या रडण्याने मजला हादरला. शाहिनाजने त्याला छातीशी घेतलं आणि तिला वाटलं, आता देवाकडे आपलं काही म्हणजे काही मागणं नाही.

सुबूला घर माणसांनी भरलं. शेजारणी, रऊफच्या मावश्या आणि बहिणी. नगवा आली नाही, पण तिने बदामांच्या पुड्या पाठवल्या. मुरादला चाळणीत निजवून जमिनीवर ठेवलं, शाहिनाज त्याला सात वेळा ओलांडून गेली, कुणी मीठ उधळलं, कुणी जीभ नाचवून लांबलचक चीत्कार काढले आणि हाग्गा इन्साफने पदर खोचून बत्ता उचलला.

"आईचं ऐक रे, मुराद! बापाचं ऐकू नकोस! आजीचं ऐक, मावशीचं ऐकलं नाहीस तरी चालेल!"

ठण, ठण, ठण. बायका लोळत होत्या हसून. एक मावशी म्हणाली, "बापाचं कशाला, या घरात बापाचं कुणीच ऐकत नाही!" रऊफ दारात उभा राहून खोटं खोटं रडला.

शाहिनाज बाळ दचकून रडण्याची वाट बघत होती. दचकलं की उचलून कवटाळायचं, एवढा एक क्षण तिने आठ वर्षं मनात जपला होता. पण मुराद दचकलाच नाही. त्याने मूठ सोडली, डोळे मिटले आणि मान हळूच वळवली. आईकडेही नाही आणि आजीकडेही नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"धीराचा आहे गं," सगळ्या म्हणाल्या. शाहिनाजही म्हणाली. तिला रडू येत होतं, का ते तिला कळेना.

५

खलबत्ता स्वयंपाकघरात फळीवर ठेवला. सोहळा आटोपला, हाग्गा तिच्या घरी गेली, रऊफ कामावर जाऊ लागला आणि शाहिनाज मुरादबरोबर दिवसभर एकटी राहू लागली.

मुराद रडायचा तो आईच्या कुशीत थांबायचा नाही. ती गायची, झुलवायची, खांद्यावर घेऊन खोलीभर फिरायची, आणि तो पाय ताठ करून तिच्यापासून लांब ओढ घ्यायचा. मग दुपारच्या सुमारास कुठूनतरी कुटण्याचा आवाज यायचा. ठण. ठण. की मुराद लगेच शांत होऊन प्यायला लागायचा.

पहिले काही दिवस तिने देवाचे आभार मानले. कैरोत दुपारी कोण कुटत नाही? मुलुखियाच्या पालेभाजीला लसूण लागतो, भाताला जिरं लागतं, आणि इमारतीच्या मधल्या डक्टमधून सगळ्यांचे सगळे आवाज सगळ्यांच्या घरात येतात. खालच्या मजल्यावरची मदाम एव्हलिन असणार, असं तिने ठरवून टाकलं.

एकदा जिन्यात मदाम एव्हलिन भेटली. म्हातारी, एकटी, हाताला पट्टा बांधलेला.

"तुमच्या कुटण्याने माझं बाळ झोपतं हो," शाहिनाज म्हणाली. "किती उपकार आहेत तुमचे."

"माझ्या? अगं माझं मनगट गेलंय, हबीबती, माझ्या लाडके. मी सगळं मिक्सरमध्ये घालते." तिने पट्टा दाखवला. "मला वाटलं तुमच्याकडेच कुणी बाई ठेवलीयेस. रोज ऐकते. बरोबर माझ्या डोक्यावर असते ती. जमिनीवर बसून कुटत असणार, जुन्या पद्धतीने."

शाहिनाज वर आली. स्वयंपाकघराची फरशी कोरडी होती आणि खल फळीवर जागच्या जागी होता. तिने वास घेतला. आत कुटलेल्या लसणाचा ताजा वास होता. कालच आपण लसूण कुटला असेल, तिने मनाला बजावलं. मग तिला आठवलं की बाळाला पोटदुखी नको म्हणून बाळंतपणापासून घरात लसूण आणलाच नव्हता.

६

तिने रऊफला सांगितलं. त्याने बिचाऱ्याने टर उडवली नाही. तो म्हणाला, "तुझी झोप होत नाहीये. बाळंतिणीला काय काय ऐकू येतं." आणि तिचं मन रमावं म्हणून त्याने सुबूची फिल्म लावली. त्याच्या बहिणींपैकी कुणीतरी फोनवर घेतलेली, जरा हलणारी.

दोघं बघत बसली. मीठ उधळलं जातं, हाग्गा ओरडते, ठण, ठण. मग हाग्गाला दम लागतो, ती बत्ता खलातच टाकते आणि दोन्ही हातांनी चाळणी उचलून बाळाला हलवू लागते. बायका हसतात, चीत्कार काढतात. ठण, ठण, ठण.

"थांब," शाहिनाज म्हणाली. "मागे घे."

त्याने मागे घेतलं. हाग्गाचे दोन्ही हात चाळणीवर होते. आवाज चालू होता.

"दुसरं कुणीतरी वाजवत असेल," रऊफ म्हणाला. "आमच्या बहिणींपैकी कुणी, तायाने घेतला असेल हातात. खल तर बायकांच्या मागे गेलाय, दिसतोय कुठे?"

तायाला फोन लावला. ती म्हणाली, मी तर फिल्म घेत होते, मला वाटलं मावशी वाजवतेय. मावशी म्हणाली, मला वाटलं शेजारीण. शेजारीण म्हणाली, "तुझ्या माहेरची ती कोण होती, दारापाशी खाली बसलेली? मला वाटलं तीच." शाहिनाजच्या माहेरचं कुणीच आलेलं नव्हतं. तिची आई कधीच वारली होती आणि बहीण नव्हती.

शेवटी हाग्गा इन्साफला फोन लावला. ती म्हणाली, "मी ओरडत होते आईचं ऐक म्हणून. आणि वाजवत होतं कोण, ते मी बघितलंच नाही." मग तीच पुढे म्हणाली, "पोरगं तर हाताला ऐकतं गं. वाजवणाऱ्या हाताला."

"आई, तूसुद्धा?" रऊफ चिडला. पण तो उठून स्वयंपाकघरात गेला, खल आणि बत्ता पिशवीत कोंबले, आणि खाली भंगारवाला गाढवाची गाडी घेऊन ओरडत चालला होता त्याला नेऊन दिले. फुकट. वर येऊन त्याने हात साबणाने धुतले.

७

त्यानंतर घर शांत झालं, आणि मुरादने पिणं सोडलं.

आधी तो रडला. आवाज बसेपर्यंत रडला. छाती दिली की तोंड फिरवायचा, बाटली दिली की दूध ओठांवरून ओघळून जायचं. इस्पितळात नेलं. सुई लावली, रक्त तपासलं, घसा बघितला. तरुण डॉक्टर म्हणाला, काही दोष सापडत नाही, आई फार घाबरलीये, ते बाळाला कळतं. शाहिनाजला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. घरी आणलं तोवर मुराद रडायचाही थांबला होता. नुसता छताकडे बघत पडायचा, आणि त्याच्या टाळूचा खळगा आत गेला होता.

तेव्हा नगवा आली. कुणी बोलावलं नव्हतं. घराण्याचा खलबत्ता पोटाशी धरून ती एवढे जिने चढून आली आणि दारातच रडू लागली. "माझ्या जिभेला हाडच नाही, शाहिनाज. घे. तुझाच आहे. परत मागणार नाही."

शाहिनाजने तिला मिठी मारली. राग कुठल्या कुठे गेला. हाग्गा आली, चाळणी काढली, मुरादला पुन्हा ठेवलं. या वेळी बत्ता स्वतः शाहिनाजने धरला आणि दुसऱ्या कुणालाही हात लावू दिला नाही. "मी तुझी आई," ती ओरडली. "माझं ऐक, मुराद! माझं ऐक!"

पहिल्याच ठोक्याला मुराद दचकला. किंचाळला. हात-पाय आखडून घेतले आणि आजीच्या दिशेने, नगवाच्या दिशेने, कुणाच्याही दिशेने वळू लागला, फक्त तिच्याकडे नाही. शाहिनाज वाजवत राहिली. शेवटी नगवाने तिच्या हातातून बत्ता काढून घेतला.

"पुरे," ती म्हणाली. "घाबरतोय तो तुला."

८

शुक्रवार होता. मोठ्या इस्पितळात नेण्यासाठी गाडी आणायला रऊफ गेला होता, हाग्गा आणि नगवा खाली दारापाशी वाट बघत होत्या. शाहिनाज पलंगावर मुरादला मांडीवर घेऊन बसली होती. ऊन खिडकीतून फरशीवर आलं होतं. मशिदीतल्या प्रवचनाचा अस्पष्ट आवाज येत होता. मुरादचा श्वास इतका हलका झाला होता की तिला वाकून ऐकावा लागत होता. ती रडत नव्हती. रडणंही संपलं होतं.

ठण.

मुरादने डोळे उघडले.

डक्टमधून नाही. आवाज घरातून आला होता, स्वयंपाकघरातून, आणि तो नगवाच्या खलाचा नव्हता. तो खल इथे, पलंगाखाली होता.

ठण. ठण.

मुरादने मान वळवली, तोंड उघडलं आणि धडपडत तिची छाती शोधली. त्याने तोंडात घेतलं. प्यायला लागला. घटाघटा, हावरटासारखा, नाकाने फुसफुस करत. शाहिनाजच्या अंगातून जीव परत आल्यासारखी एक लहर गेली. ती ओठ चावून बसली, हलली नाही, हलायची तिला भीती वाटत होती. त्याच्या गालावर रंग येत होता. तिला दिसत होता तो रंग.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्यातून बोळ दिसत होता, आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघराच्या फरशीचा तुकडा. तिने बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिने बघितलं. फरशीवर एक अनवाणी पाऊल होतं. मांडी घालून बसलेल्या बाईचं असतं तसं, तळवा वर, टाच मेंदीने काळपट झालेली. काळ्या झग्याची कड त्यावर पडलेली. बाकी सगळं भिंतीआड. कोपर मात्र वर यायचं, खाली जायचं.

उठावं, ओरडावं, खिडकीतून रऊफला हाक मारावी. सगळं तिच्या मनात आलं.

कोपर वर आलं आणि तिथेच थांबलं. आवाज बंद झाला. मुरादने छाती सोडली. त्याचं तोंड उघडंच राहिलं, हनुवटीवर दूध ओघळलं आणि डोळे पुन्हा छताकडे लागले.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. जिन्यात रऊफची पावलं ऐकू येऊ लागली, फार खालून.

"बाई," शाहिनाज म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. "थांबू नका. पोट भरलं नाहीये त्याचं."

स्वयंपाकघरात काही हललं. झगा फरशीवरून सरपटत गेल्याचा आवाज झाला. मग परत ठण, पण आता बोळातून. मग ठण, दाराशी. मुराद प्यायला लागला.

शाहिनाजने डोळे गच्च मिटले आणि पलंगावर थोडं सरकून जागा केली.